पोलीस ठाण्यातून दवाखान्यात

“ओपिऑइड डिपेन्डन्स,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला कळलं नाही हे बघून त्यांनी सोपं केलं, “अफूच्या जातीच्या औषधाची शरीराला लागलेली सवय. गोळी चुकली की अंग हैराण होतं.”

“मॅडम, मी नशा करत नाही. कंबरदुखीची गोळी घेते,” मी म्हणाले. माझ्या शेजारी महिला पोलीस उभी होती.

मी बिडकीनला ब्लाउज शिवते. स्कूटीवरून पडले आणि मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल नावाची गोळी थोड्या दिवसांसाठी दिली होती. तिनं दुखणं थांबायचं, मशीनवर बसता यायचं. म्हणून पुढं एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेत राहिले. एकीच्या दोन झाल्या, मग किती ते बघणंच सोडलं.

त्या दुकानावर धाड पडली तेव्हा मी काउंटरपाशीच होते. पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं निघाली. मला ठाण्यात नेलं.

तिथं नाक गळायला लागलं. जांभया, घाम, पोटात मुरडा. याला विड्रॉवल म्हणतात, म्हणजे सवयीचं औषध बंद झाल्यावर होणारा त्रास, हे मला नंतर समजलं. “नाटकं करू नको,” महिला पोलीस म्हणाली. फौजदारांनी मात्र माझ्याकडं नीट बघितलं. “चौकशी मागून करू. हिला आधी शहरात दवाखान्यात न्या.”

तपासून झाल्यावर मॅडमनी पोलिसांना सांगितलं, “दुकानदाराचं तुम्ही बघा. ही माझी पेशंट आहे.”

चोर ठरायची तयारी करून बसले होते मी. पेशंट म्हटल्यावर रडूच आलं.

मला भरती करून घेतलं. जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठेवायची. तिनं तगमग कमी होते आणि पुढं हळूहळू ती गोळीही कमी करत नेतात. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. हाडं कुणी पिळतंय असं वाटायचं.

आमच्या ह्यांनी सगळ्यांना टायफॉइड सांगितला होता. पिशोरचे चुलत सासरे भेटायला आले, तेव्हाही तेच सांगितलं. सासूबाई माझ्यासाठी भाकरी कुस्करत होत्या.

“टायफॉइड नाय,” त्या म्हणाल्या. “गोळीची सवय लागलीय तिला. लई दुखत व्हतं म्हणून खाल्ली, आता सुटत नाय. म्हणून इथं आणलीय.”

“वहिनी, म्हणजे ठाण्यात नेल्याचं ऐकलं ते खरंच. गावात तोंड कसं दाखवायचं?”

“म्या दाखविते की. तुम्ही नका दाखवू.”

चुलत सासरे चहा न घेता गेले. हे खाली मान घालून बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कंपनीत साहेबांना खरं सांगून रजा वाढवून घेतली.

कंबरेसाठी फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाचा उपचार सुरू झाला. घरी आल्यावर फौजदारांनी माझा जबाब घेतला, तो साक्षीदार म्हणून. मी दुकानाचं नाव न घाबरता सांगितलं.

माझं मत पक्कं आहे. विकणाऱ्याला जाब विचारा, खाणाऱ्याला डॉक्टरकडं न्या. मला नुसतं कोठडीत टाकलं असतं, तर सुटल्यावर मी पहिलं मेडिकलच गाठलं असतं.

आता ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका माप देऊन झालं तरी थांबतात. कुणाचा नवरा गोळीत अडकलेला, कुणाचा भाऊ. काल एकीबरोबर तिच्या नवऱ्याचं विचारायला दवाखान्यात गेले. ती दारातच अडली. “ताई, आत पोलीस तर नसतील ना?”

“डॉक्टर हायत. चल,” मी म्हणाले आणि तिचा हात धरून आत गेले.