आईच्या उशाशी आलेल्या गोळ्या

कपाळावर बाम चोळला की विजय नगरच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. आई तापानं फणफणली होती आणि भेटायला येणाऱ्या शेजारणी आपापल्या घरच्या गोळ्या आणत होत्या. कोणी तापाची, कोणी सर्दीची, कोणी अंगदुखीची. "दीदी, ये ले लो," म्हटलं की आई त्यांच्यासमोरच गिळायची. मी पाकिटं उलटून वाचली आणि हादरले. तिन्हींत पॅरासिटामॉलच होतं. "आई, काहून घेऊन राहिली सगळ्या? लिव्हर जाईल ना!" ती कण्हली, "एवढ्या मायेनं आणतात, नाही कसं म्हणू?" डॉक्टरांनी रक्त तपासून धोका नाही म्हटलं, तेव्हा कुठे मी रडले. आज ताप मला आहे. आई दारातच शेजारणींच्या गोळ्या घेते, त्यांना चहाला बसवते आणि गोळ्या पदराला बांधून ठेवते.