मागच्या सीटचा विमा

नर्सबाई दवाखान्यात पाचवारी नेसायच्या आणि मोटारसायकलवर नऊवारी. दोन्ही पांढऱ्याच. गावोगावच्या फिरतीला निघताना त्या आत जाऊन काष्टा घालून येत, पदर कमरेला खोचत आणि किक मारत. पनवेलच्या बाजारात कुणी हसलं तर म्हणत, "आमच्याकडं बायका नऊवारी नेसून मिठागरात उतरतात. गाडी त्याहून अवघड हाय का?"

त्या जासईकडच्या, आगरी घरातल्या. वडील मिठागरात कामाला होते. डॉक्टरांशी बोलताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी असायची, पण चिडल्या की 'आम्ही'चं 'आमी' व्हायचं, आणि मग समोरच्याने वाद आवरता घेतलेला बरा.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत त्या भाड्याने राहत. वडिलांची नोकरी पनवेलला आली तेव्हा मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडले होते. कुणाशी फारसं बोलत नव्हते. माझ्या मराठीला लोक हसतील असं वाटायचं, आणि इंग्रजी बोलले तर शिष्ट म्हणतील असंही. नर्सबाईंनी माझं नावच 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "काय गं कॉन्व्हेंट, आज बोलणार का उद्या?" असं विचारून उत्तराची वाट न बघता त्या पुढे जात. त्यामुळेच मला त्या आवडत.

मोटारसायकल त्यांनी एका निवृत्त फौजदाराकडून घेतली होती, जुनी. भावाने मिठागराच्या बांधावर तीन आठवडे शिकवली. लायसन मिळालं. राहिला विमा. तो काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही असा कायदाच होता. फॉर्म इंग्रजीत, म्हणून एजंटकाका आमच्या ओटीवर येऊन बसले आणि लिहायला मला बसवलं.

एका रकान्यात गाडी चालवण्याचा अनुभव विचारला होता.

"दोन वर्षं लिही गं," एजंटकाका म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"तीन आठवडे लिही," नर्सबाई म्हणाल्या.

"अहो बाई, नवशिक्याला जादा हप्ता पडतो. नाहीतर असं करू, भावाचं नाव घालू."

"गाडी भाऊ चालवणार हाय का? उद्या काही झालं तर कंपनी हाच कागद माझ्या तोंडावर फेकेल."

मी तीन आठवडे लिहिलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी काम झालं असतं. पण नर्सबाईंना मागच्या सीटचाही विमा हवा होता. कायद्याला लागतो तेवढा विमा स्वस्त होता. तो रस्त्यावरच्या माणसासाठी. गाडीवर मागे बसलेल्या माणसाला काही झालं तर त्यात एक पैसा मिळत नसे. तो विमा वेगळा. चालवणारी नवशिकी, गाडी जुनी, त्यात हा. एजंटकाकांनी बेरीज केली. आकडा नर्सबाईंच्या महिन्याच्या पगाराला जाऊन टेकला.

"एवढ्यात मी काश्मीर बघून येईन, बाई!"

"मग या बघून. येताना माझी पॉलिसी घेऊन या."

या हट्टाचं कारण पार्वतीदाई. जासईच्या कितीतरी बाळंतपणांत ती नर्सबाईंच्या मदतीला असायची. एका मुकादमाच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना कळंबोलीच्या वळणावर ती पडली आणि तिचा पाय कायमचा वाकडा झाला. मुकादमाच्या विम्यातून तिला काहीच मिळालं नाही. "मागं बसणारीच्या हातात ब्रेक नसतो," नर्सबाई म्हणत. "ती नुसती विश्वासावर बसते."

कंपनीने मागच्या सीटचं लगेच मान्य केलं नाही. तोवर स्वस्तातला विमा काढून त्या एकट्याच फिरू लागल्या. कुणालाही मागे घेत नसत, डॉक्टरांनासुद्धा नाही. दिवस भरलेली एखादी बाई दवाखान्यात आणायची असली तर बैलगाडी ठरवत आणि स्वतः मोटारसायकल बैलांच्या चालीने तिच्यामागून हाकत. बाजारात चेष्टा सुरू झाली. "बाईंनी मागची सीट देवासाठी ठेवलीय!" नर्सबाई म्हणाल्या, "देव आला तरी कागद आल्यावर."

दोन महिन्यांनी मुंबईहून कंपनीचा इन्स्पेक्टर आला. टाय, चकचकीत बूट. नर्सबाई मिठागराच्या बांधावर गाडी चालवून दाखवणार होत्या, म्हणून एजंटकाकांनी दुभाषी म्हणून मला तिथे नेलं. इन्स्पेक्टरने नर्सबाईंकडे न बघता मला इंग्रजीत विचारलं, यांच्याऐवजी भावाने गाडी चालवली तर बरं नाही का? मी इंग्रजीत एवढंच म्हणाले, "गाडी त्या चालवतात. त्यांना मराठी येते, तुम्हालाही येते."

तो जरा वरमला. मग मराठीत म्हणाला, "ठीक आहे. मला मागे बसवून चालवून दाखवा."

"बसवणार नाय."

"का?"

"तुमचा विमा नाय, साहेब."

तो हसला. मग त्या हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

नर्सबाईंनी भावाला हाक मारून मिठाचं एक पोतं मागच्या सीटवर बांधून घेतलं, माणसाच्या वजनाचं. बांध हातभर रुंद, दोन्ही बाजूंना खारं पाणी. त्या गेल्या. टोकाला वळल्या कशा, ते मला अजून कळलेलं नाही. तेवढ्यापुरते मी डोळे मिटले होते. परत येऊन आमच्यासमोर थांबल्या. लुगड्यावर पाण्याचा थेंब नव्हता.

"पोत्यानं काय तक्रार केली नाय," त्या म्हणाल्या.

"जादा हप्ता मात्र कमी होणार नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "नियम आहे."

"कमी मागितला कुणी? मागची सीट लिहा."

त्याने तिथेच, बांधावर उभं राहून लिहिली. त्या वर्षी नर्सबाईंनी दिवाळीला काही घेतलं नाही, आणि पुढच्या चार वर्षांत त्या सीटवरून किती बायका दवाखान्यात आल्या ते मी मोजलं नाही. एकही पडली नाही एवढं ठाऊक आहे.

मग घाटावर त्यांची बदली झाली. निघताना मला म्हणाल्या, "बोलत जा गं. तुझ्या गप्प बसण्याचा मला कधी त्रास झाला नाही. पण बोललीस तेव्हा त्या इन्स्पेक्टरला चांगलाच त्रास झाला!" आणि स्वतःच मोठ्याने हसल्या.

गेल्या महिन्यात मी जासईच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होते. शेजारी मासळीची टोपली घेऊन एक म्हातारी उभी होती. नव्या मोटारसायकलवरून एक ठेकेदार आला.

"ए मावशे, बस मागं. पनवेलला सोडतो."

म्हातारीने टोपली उचलली, दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. "कागद हाय का?"

"लायसन? हाय की."

"तुजा नाय रं. माजा. मागं बसनारीचा."

"असला कागद कोन काढतो, मावशे?"

"आमच्या नर्सबाईनं काढलेला."

ती मागे फिरली, माझ्या शेजारी येऊन टोपली खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. एसटी यायला अजून तास होता.