शेव वेगळी, रस्सा वेगळा

साखरखेर्ड्याहून निघालो तेव्हा आमच्या यांना जीपच्या मागच्या सीटवर आडवं केलं होतं. पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, आणि गावच्या घराच्या पायऱ्या उंच. मुलगा चिखलीत मास्तर आहे, तो म्हणाला, चला. कांता, तू शेजारीण म्हणून दारात उभी राहून रडलीस. मी रडले नाही, पाटा-वरवंटा बांधायचा राहिला होता. परत कधी येता, असं तू फोनवर सारखं विचारतेस. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

इथे फ्लॅट तळमजल्यावर आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे. पण यांनी जेवणच सोडलं. वरण-भात पुढे नेला की तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, "आजी, अंगात ताकद आली नाही तर हे उठायचे नाहीत. जे मागतील ते द्या." हे एकच मागत होते, गावच्या स्टँडवरच्या हॉटेलातली शेवभाजी. ते हॉटेल तर मालक गेल्यावर बंद पडलं.

मी म्हटलं, करते. ती शेवभाजी मला चांगली ठाऊक होती. बाजाराच्या दिवशी हे तिथे बसून खायचे आणि माझ्यासाठी पिशवीत बांधून आणायचे. बाया काही आत बसत नव्हत्या. घरी येईपर्यंत शेव फुगून सगळा रस्सा पिऊन टाकायची, चमचा उभा राहील असा गोळा व्हायचा. मला तोच आवडायचा. तसंच केलं. कांदा-खोबरं भाजलं, लसूण वाटला, काळा मसाला घातला, जाड शेव टाकून मऊ शिजवली. यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

मग मुलाने इथल्या हॉटेलातून पार्सल आणलं. रस्सा डब्यात, शेव वेगळ्या पुडीत. मला वाटलं, हॉटेलवाला घाईत टाकायची विसरला. मी शेव रश्शात ओतली आणि दणदणीत उकळी आणली. हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

"अहो, काय चुकून राह्यलं ते तरी सांगा!"

"तुले काय सांगू? तू कधी बसली त्या हॉटेलात?"

"तुमी नेलं काय कधी?"

  यांचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, "वर्षा, चाल, हॉटेलात जाऊ."

"आई, पार्सल मागवते ना."

"पार्सल नाही पाह्यजे. मले आत बसाचं हाय."

गेलो. मी मधल्या टेबलावर, पंख्याखाली बसले. बाजूचे बाप्ये पाहत होते, पाहू दे. वेटरने उकळता रस्सा ठेवला आणि बाजूला कोरडी शेव. हा कालवतो कधी, म्हणून मी वाट पाहत राहिले. तो म्हणाला, "आजी, तुमीच टाका. थोडी थोडी. भिजली की मजा गेली."

घास दाताखाली कुरकुरला. मी म्हटलं, "वर्षा, आता समजलं बुढा काऊन रुसला. मी त्याले लगदा खाऊ घालून राह्यली होती." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

घरी येऊन नवा रस्सा केला आणि वर तर्री येईपर्यंत उकळू दिला. पलंगापाशी स्टूल ओढलं, समोर बसले. भाकर मोडून दिली आणि चिमटी चिमटी शेव वाटीत टाकत गेले, भिजायच्या आत खायला लावली. यांनी वाटी पुसून खाल्ली.

"हाव. हे," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तू बी घे ना. भाजी थंडी होईन."

सगळा संसार झाला, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी उठले नाही. तिथेच, यांच्याच ताटात जेवले.

आता हे वॉकर धरून दारापर्यंत जातात. गावच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे, उंदीर-घुशी पाहत जा. पण मी परत येणार नाही, कांता. तिथे माझं जेवण सगळ्यांच्या मागून, गार झालेलं. इथे मी गरम असताना जेवते. आता हेच माझं घर.