वाटा न घेतलेला माणूस

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खून, दरोडे, पंचनामे सगळं हळूहळू विसरत चाललो आहे. पण एका बकरीचं प्रकरण आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही.

तेव्हा मी सौंसर-पांढुर्णा भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा चाळत होतो, तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एका शेतमजुराच्या हातावर काळी खपली धरलेला फोड होता. भोवती सूज होती, पण फोड दुखत अजिबात नव्हता.

"अँथ्रॅक्सचा संशय आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "जनावरांत याला फाशी म्हणतात. या मजुराने पाच दिवसांपूर्वी आजारी बकरी कापून गावात वाटे घातले. ज्यांचा संबंध आला त्यांना आजार दिसायच्या आत गोळ्या सुरू करायच्या आहेत, आणि हा नावं सांगत नाही."

काम गोड बोलून करायचं होतं. पण मला तेव्हा एकच भाषा येत होती. मी जीपमधून दोन शिपाई गावात पाठवले. जीप दिसताच अर्धं गाव संत्र्याच्या बागांत पसार झालं, उरलेल्यांनी दारं लावून घेतली. मी स्वतः दवाखान्यात जाऊन मजुराच्या खाटेशी खुर्ची ओढली.

"बकरी मेलेली होती ना?"

"नाही जी. पडली होती, पन जीव होता. मंग कापली."

"मटण कोणी कोणी खाल्लं?"

"मले नाही मालूम."

"खोटं बोलून राहिला!" मी ओरडलो.

तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "तुमी केस बनवून राहिले साहेब. मी कोनाले कायले अडकवू?"

दोन दिवस हेच चाललं. जीप रोज गावात जायची आणि रिकामी परत यायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच सुनावलं. "तुम्ही गुन्हेगार शोधताय. मला माणसं वाचवायची आहेत. अशानं लोक फोड झाकून घरात बसतील." मला राग आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी साधा सदरा घालून दवाखान्याच्या गाडीतून त्यांच्याबरोबर गेलो. मजुराच्या बायकोने आम्हाला अंगणात खाट टाकून दिली. "केस नाही ना होनार?" तिने तीनदा विचारलं. नाही होणार, असं मी तीनदा सांगितलं. मग ती बोलायला लागली. तिला नावं नीट आठवत नव्हती, पण वाटा न्यायला कोण कोणतं भांडं घेऊन आलं ते आठवत होतं. कोणाचा जर्मनचा गंज, कोणाचा चेपलेला टिफिन. भांड्यांवरून दुपारपर्यंत चौदा घरं सापडली. डॉक्टरीणबाई प्रत्येक दारात बजावत होत्या: फोड दिसला तर फोडू नका, लगेच या. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. जनावर असं अचानक पडलं तर कापू नका, पशुवैद्यकाला बोलवा. गावातल्या बाकी बकऱ्यांना लस टोचायचंही ठरलं.

डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं होतं. माझं होत नव्हतं. अंगणातल्या कडुनिंबाला अजून दोर लोंबत होता, त्याला बकरी टांगली होती. आमच्या गावी सोलणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवत. या यादीत सोलणारा कुठे होता?

"बकरी सोलली कोणी?"

बाईने मान खाली घातली. "त्यायनं वाटा नाही घेतला जी. ते खातच नाहीत."

गावच्या भजनी मंडळातले एक म्हातारबाबा. जामसांवलीच्या मारुतीपुढे त्यांनी मटण सोडलं होतं. खंजिरीचं कातडं फाटलं होतं, म्हणून ते म्हणाले, मी सोलून देतो, कातडं तेवढं मला द्या. मटण सोडलेल्या माणसाने बकरी सोलली, ही गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांनी तोंड शिवलं होतं. आणि मी दोन दिवस सगळ्यांना एकच विचारत होतो, मटण कोणी खाल्लं.

आम्ही त्यांच्या घरी धावलो. दाराशी डॉक्टरीणबाईंनी मला अडवून आधी मास्क बांधायला लावला. दार वाजवून वाजवून शेवटी त्यांच्या बायकोने उघडलं. कोणाला दिसू नये म्हणून खिडकीही बंद होती. कातडं फळीवर ठोकून ताणलेलं, खाली खरवडलेल्या केसांचा थर, आणि कोपऱ्यात बाबा तापाने फणफणलेले. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. खरवडताना उडालेली धूळ रोगाच्या जंतूंसकट छातीत गेली होती. कातडीवरचा फोड औषधाने बरा होतो, पण छातीतल्या आजारापुढे वेळ फार थोडा असतो. लगेच शिरेतून औषध सुरू करून त्यांना नागपूरला हलवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मजूर बरा झाला. चौदा घरांत कोणाला काही झालं नाही.

बाबांची बायको त्याच खोलीत राहिली होती, म्हणून तिला जवळजवळ दोन महिने गोळ्या होत्या. ती घेते की नाही ते पाहायला मी स्वतः जायचो. त्यानंतरच्या नोकरीत समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की मी आधी माझा प्रश्न तपासायचो. ओरडणंही कमी केलं. पण ते नंतरचं.

गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात हातात गोळी धरून बाबांची बायको म्हणाली, "त्यायले ताप आला तवा ते म्हनत होते, मले दवाखान्यात ने. तेवढ्यात तुमची जीप आली. मले वाटलं, आता पकडून नेतात. मीच आतून कडी लावली जी. दोन दिवस उघडली नाही."

तिने गोळी गिळली. आपल्यामुळे नवरा गेला असं ती अजूनही समजते. ती कडी माझ्यामुळे लागली होती, हे तिला सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.