तव्यापाशी संपलेली गोष्ट

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा काही नेम नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि मधे ओढा होता, एवढंच कारण. वहीसुद्धा विकतची नाही. आमच्या कारखान्यात पुस्तकं कापल्यावर कडेच्या पट्ट्या निघतात, त्यातल्या रुंद पट्ट्या मी शिवून घेतल्या आहेत. म्हणून ओळी आखूड आहेत.

कारखाना म्हणजे पेठेतल्या एका बोळात, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे पुस्तकं बांधतात. मी कात्रजहून येते, स्वारगेटला उतरते आणि पुढे चालत जाते. बारा वर्षं झाली.

छापखान्यातून मोठे कागद येतात. एका कागदावर सोळा पानं असतात, त्याला फर्मा म्हणतात. उघडा फर्मा वाचता येत नाही. निम्मी पानं उलटी असतात, एक नंबरच्या शेजारी सोळा नंबर असतो. तीन घड्या नीट घातल्या की सगळी पानं आपापल्या जागी येऊन बसतात. घडी दाबायला हाडाची एक पट्टी असते. बारा वर्षांत माझी पट्टी अंगठ्याच्या बाजूने झिजली आहे.

कारखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. बोलणं मोजकं, आणि जे असेल ते तिरकं. मी नवीन होते तेव्हा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, घडी घालताय की पोळी लाटताय?" मला वाटलं, उद्यापासून येऊ नका असं म्हणतील. पण त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, दोन घड्या घालून दाखवल्या आणि जागेवर जाऊन बसले.

मला बोलायला जमत नाही. कंडक्टरकडे पाच रुपये राहिले तर मी मागत नाही, उतरून जाते. घरी मुलगी म्हणते, "आई, तू काय दगड आहेस का गं?" ते खोटं आहे असं मी म्हणत नाही.

चौथी सुटल्यावर मी बसच्या पाट्या आणि लाइटबिलाचा आकडा यापुढे काही वाचलं नव्हतं. वाचायला लागले ती घड्या घालता घालता. घडी पडली की डोळ्यांसमोर एक पान येतं. त्यातली एखादी ओळ दिसते, आणि पुढची दिसायच्या आत तो फर्मा थप्पीवर जातो. तीनशे प्रती असल्या की तीच ओळ तीनशे वेळा दिसते. मग जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायची आणि पुढचं वाचायची. बोट ठेवून वाचते, अजूनही.

दोन वर्षांपूर्वी एक पातळ पुस्तक आलं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी लिहिलेलं, स्वतःच्या खर्चानं छापलेलं. तीनशे प्रती. रविवारी त्यांच्या घरी काही लोक जमणार होते, त्याआधी पुस्तक हवं होतं. एकेक गोष्ट तीन-चार पानांची. पहिल्यांदा मला वाटलं, काहीच घडत नाही. एक माणूस बायकोचा चष्मा पुसून ठेवतो आणि फिरायला जातो. झाली गोष्ट. पण संध्याकाळी बसमध्ये तो चष्मा डोक्यातून जाईना.

शेवटची गोष्ट दोन जावांची होती. घराच्या वाटण्या होतात. भांडी अंगणात मांडतात. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, नुसती भांडी मोजतात. लोखंडी तवा थोरलीच्या वाट्याला जातो. धाकटी नव्या खोलीत जाते, चूल लावते, पोतं सोडते. पोत्यात फडक्यात गुंडाळलेला तवा निघतो. आणि पान संपतं तिथे शेवटची ओळ होती: तवा अजून कोमट होता.

ती वाचल्यावर मी डबा तसाच झाकला. मी गाव सोडलं त्या दिवशी माझी थोरली जाऊ म्हणाली होती, "गाडीला गर्दी होते, निघा लवकर." एवढंच. आम्ही तिघं होतो. स्वारगेटला उतरल्यावर फडकं सोडलं तर भाकरी नऊ होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या गावात चूल कुठली पेटणार, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा मी फक्त खाल्ल्या. ती गोष्ट वाचली आणि तेरा वर्षांनी मला त्या भाकरी कळल्या.

आणि त्याच गोष्टीपायी माझी चूक झाली.

पुस्तकाचे सात फर्मे होते. त्याशिवाय चार पानांचा एक छोटा कागद होता, त्याचा वेगळा पातळ गठ्ठा आला होता. त्यावर एका पानावर बारा ओळी, एकावर आभार, बाकी कोरं. छापखानेवाले गठ्ठ्यांच्या वरखाली बिघडलेले कागद घालतात, तशातलाच हा असं मला वाटलं. गोष्ट तर तव्यापाशी संपली होती. त्यापुढे काही असेल असं मनातच आलं नाही. काका त्या दिवशी डॉक्टरांकडे गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तोंड उघडायचं म्हणजे मला डोंगर. तो गठ्ठा मी गम लावताना पुस्तकांखाली अंथरायला वापरला, आणि उरलेला रद्दीवाल्याला दिला.

गुरुवारी बाई प्रत बघायला आल्या. त्यांनी पुस्तक मागून उघडलं.

"माझं शेवटचं पान कुठे आहे?"

काकांनी दुसरी प्रत उघडली, मग तिसरी. मग टेबलाखाली बघितलं. तिथे गमाने माखलेला एक कागद पडला होता. त्यावरच्या बारा ओळी अर्ध्या दिसत होत्या.

माझ्या आधी जी बाई होती तिनं कव्हरं उलटी चिकटवली होती, तिचा त्याच शनिवारी हिशोब करून टाकला होता, हे मला माहीत होतं. आणि ते वर्ष वाईट होतं. ह्यांचा गुडघा गेला होता, वॉचमनची ड्यूटी बंद होती. मुलगी अकरावीला. घर माझ्या शनिवारच्या पगाराच्या पाकिटावर चालत होतं.

मी उठून उभी राहिले. "माझ्याकडून झालं," एवढं म्हणाले. दहा वर्षांत तिथे मी मोठ्यानं म्हटलेलं ते पहिलं वाक्य असेल.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज शाळेतलाच होता. "पुस्तक अपुरं आहे असं तुम्हाला वाटलं नाही?"

"नाही."

"म्हणजे वाचलंत?"

"हो."

"मग गोष्ट संपली असं कशावरून वाटलं?"

मी म्हणाले, "तवा कोमट होता ना. म्हणजे धाकटी निघताना थोरलीनं भाकरी करून तसाच बांधून दिला. कळलंच की."

बाई खुर्चीवर बसल्या. मग काकांना म्हणाल्या, "त्या बारा ओळी लिहायला मला आठ दिवस लागले होते."

"आणि आमच्या ताईंनी त्यांना गम लावला," काका म्हणाले.

"पान लागलं पाहिजे. माझं पुस्तक आहे."

"लागेल. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा."

बाई गेल्या. आता काका बोलतील म्हणून मी तशीच उभी. काकांनी छापखान्याला फोन लावला, तो चार पानांचा कागद पुन्हा छापायला सांगितला. फोन ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"डबा खाल्लात?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग खा. उद्या जरा लवकर या."

शुक्रवारी दुपारी कागद आले. तीनशे पुस्तकांत ते शेवटचं पान हातानं चिकटवायचं होतं. काका खुर्चीवरून उठले आणि माझ्यासमोर कामाच्या टेबलाशी बसले. मी त्यांना तिथे बसलेलं कधी बघितलं नव्हतं. बोटं थरथरत होती, पण पान एकदाही वाकडं बसलं नाही. दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून पानं चिकटवली. ते बोलले ते एकदाच: "पंखा बंद करा, कागद उडतोय."

त्या बारा ओळी मी तेव्हा पूर्ण वाचल्या. थोरली रात्रभर रडली, धाकटीवर तिचा बहिणीपेक्षा जीव होता, असं त्यात होतं. खोटं काही नव्हतं. पण मला ते आधीच माहीत होतं.

शनिवारी पाकीट मिळालं. बोळाच्या तोंडाशी येऊन मी नोटा मोजल्या. पगार पूर्ण होता. निघताना मी काकांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली छापखान्याचं बिल बघितलं होतं. चार हजार आठशे. कापून घेतले असते तर मला बोलायला तोंड नव्हतं. नुसतं रागावले असते तरी चाललं असतं, मी रडून मोकळी झाले असते. ते काहीच बोलले नाहीत. बसमध्ये खिडकीशी बसले तेव्हा मला कळलं की डब्याचं विचारलं तेव्हाच त्यांचं सगळं बोलून झालं होतं.

पुढच्या शनिवारी मी पाकिटातली शंभराची एक नोट काढली आणि त्या वजनाखाली, बिलावर ठेवली. काका पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी नोट नव्हती, बिल तिथेच होतं. म्हणजे ठरलं.

तेव्हापासून दर शनिवारी एक. आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. दिवाळीच्या आसपास मासिकांचे विशेषांक येतात, तेव्हा जास्तीचं काम असतं आणि पाकीट जाड असतं. मे-जूनमधे हात आखडतो. मुलीची बारावीची फी भरायला मी एका शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मागितली. त्या दिवशी पाकीट घ्यायला गेले तर टेबलावर वजन नव्हतं, बिलही नव्हतं. नोट ठेवायला जागाच नाही. काका पेपर वाचत होते. सोमवारी बिल आणि वजन परत जागच्या जागी. मी बोळातून जाताना पदर डोळ्यांना लावला, नाही असं नाही. कुणी विचारलं असतं तर धुळीचं सांगितलं असतं.

पावसाळा संपत आला तेव्हा बाईंचं दुसरं पुस्तक आलं. पहिल्यापेक्षाही पातळ. मी फर्मे मोजून घेतले, पूर्ण सहा होते. गठ्ठ्याबरोबर आलेल्या छापखान्याच्या चिठ्ठीवरचा आकडा काकांना जाऊन विचारला, तोंडानं विचारला. "सहाच ना?"

"सहाच," ते म्हणाले. "आणि आवाज आहे म्हणायचा तुम्हाला."

त्या गोष्टी मी जेवणाच्या सुट्टीत वाचल्या. एकीत मुलगा परदेशी जायला निघतो आणि बाप फक्त त्याच्या बॅगेची चेन उघडझाप करून बघतो. पुढे मी पान उलटलं, तर दुसरी गोष्ट सुरू झाली होती. तव्याच्या गोष्टीसारखं असतं तर बाईंनी त्यापुढे बारा ओळींत बापाचं मन सांगितलं असतं. आता सगळ्याच गोष्टी तशाच थांबल्या होत्या.

पुस्तकं घ्यायला बाई स्वतः आल्या. मला म्हणाल्या, "या खेपेला सुटं पान ठेवलेलं नाही. तुम्हाला त्रास नको."

"पानं अशीच कमी करत गेलात तर आम्ही खायचं काय?" काका म्हणाले.

बाई हसल्या. एक प्रत त्यांनी माझ्या हातात दिली. घरी येऊन मी पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं. आत काहीच लिहिलं नव्हतं. बरं वाटलं. मुलीनं विचारलं, "कुणाचं गं पुस्तक?" मी म्हणाले, "माझं."

त्यानंतर काही आठवड्यांनी तो शनिवार आला. माझ्या हिशोबानं ती अठ्ठेचाळिसावी नोट होती. मी कात्रजपासून स्वारगेटपर्यंत मनात घोकत आले होते, की आज म्हणायचं: काका, तुमचे उपकार आहेत, आज पूर्ण झाले. बसमध्ये तीन वेळा न अडखळता म्हणता आलं. दिवसभर घड्या घालताना म्हटलं. संध्याकाळी पाकीट घेतलं, नोट काढून बिलावर ठेवली आणि घसा साफ केला.

पेपर खाली आला.

"ताई, ही जास्त आहे."

मी म्हणाले, "अठ्ठेचाळीस झाल्या काका. आजची धरून."

"दिवाळीत एकदा दोन ठेवल्या होत्या."

मी विसरले होते. ते विसरले नव्हते. घोकलेलं सगळं राहून गेलं. काकांनी काचेचं वजन उचललं, त्याखाली वर्षभर पडून असलेलं बिल घेतलं आणि घडी घालायला लागले. बोटं थरथरत होती, घडी तिरकी पडली. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, कडेला कड लावली, माझी पट्टी फिरवली आणि परत दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं.

"जमतंय," ते म्हणाले, आणि बिल खिशात ठेवलं.

मी माझी शंभराची नोट उचलली. पैसे तर मागच्याच शनिवारी फिटले होते.