बॉनेट उघडं ठेवून घेतलेले आकडे

शर्टाच्या पाच बटणांपैकी दोन लावून झाली होती. तिसरं शोधायला मी बटणांचा डबा हलवला, तसे दारातून आत येणारे भावजी जागीच थिजले.

"वहिनी, तेवढा डबा खाली ठेवा."

मी डबा ठेवला आणि सुई कापडात टोचून शर्ट बाजूला सारला.

तीन वर्षं झाली, त्यांचं असंच चाललं आहे. हे माझे धाकटे दीर. खाली गॅरेज, वर आम्ही. गाड्यांच्या इंजिनांना सुपरचार्जर बसवतात, म्हणून लोक त्यांना फुंकणीवाले म्हणतात. नाव काही खोटं नाही. फुंकणीनं चुलीत हवा घालावी तसं ते यंत्र इंजिनात हवा कोंबतं, मग इंजिनाला दुप्पट जोर येतो. पण हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंप हाताला चटका देतो ना, तसंच. फार तापली की आतलं पेट्रोल भलत्याच वेळी पेटतं आणि डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आला की इंजिन फार वेळ टिकत नाही.

सुतार त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या गाडीलाही फुंकणी भावजींनीच बसवली होती. भर दुपारी गर्दीतून रखडत बाहेर पडला आणि ट्रकच्या पुढे जायला त्यानं पाय दाबला. पिस्टन वितळला, इंजिन जाम झालं, गाडी ट्रकच्या पुढ्यातच थांबली. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. भावजींनी चाचणीची वही उघडली. सगळे आकडे बरोबर होते. "तू भेसळीचं पेट्रोल भरलंस रे," असं त्याला सांगून ते मोकळे झाले. बिचाऱ्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

मोकळे कसले! कुकरचं झाकण थरथरलं, खिडकीचं तावदान वाजलं, की हे ताडकन उभे. मी रोज देवाजवळ एकच मागते, यांच्या कानांना शांतता दे.

आज चार वाजता दातांचे डॉक्टर आपली गाडी न्यायला येणार होते. त्यांच्या हट्टापायी भावजींनी फुंकणीला लहान पुली बसवली होती. पुली लहान, की फुंकणी आणखी वेगानं फिरते. दुपारी स्वयंपाकघरात जीव उकडून निघाला आणि बघते तर उभा पंखा गायब. खाली गेले. बॉनेट उघडं टाकलेली गाडी गुरगुरत होती आणि माझा पंखा तिच्या तोंडासमोर भणाणत होता.

"बघा, आत जाणारी हवा फक्त अठ्ठेचाळीस अंश," भावजी काट्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"छान. म्हणजे डॉक्टर माझा पंखाही घेऊन जाणार वाटतं?"

मी आपली थट्टा केली. ते हसले नाहीत. पंख्याकडे पाहिलं, उघड्या बॉनेटकडे पाहिलं. मग जुनी वही काढून सुताराच्या गाडीचं पान उघडलं. "हेही आकडे असेच घेतले होते, बॉनेट उघडं ठेवून," ते पुटपुटले.

"वहिनी, गाडीत बसा जरा."

बॉनेट धाडकन बंद केलं. चौकात गर्दीत आम्ही दहा मिनिटं अडकलो. काटा साठ, सत्तर, ब्याऐंशी. पुढे मोकळा रस्ता लागला आणि त्यांनी पाय किंचित दाबला. पायांखालून, अगदी स्पष्ट, खिळे हलले. त्यांनी लगेच पाय काढला आणि गाडी कडेला घेतली.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"म्हणजे या वेळी खरंच वाजलं." त्यांनी इंजिन बंद केलं. "पेट्रोल मी स्वतः भरलंय, वहिनी. चांगलं आहे."

बंद बॉनेटखाली हवा केवढी तापते, ते मलाही कळलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले.

डॉक्टर चारच्या ठोक्याला हजर.

"गाडी आज मिळणार नाही," भावजी म्हणाले. "पुली मोठी बसवतो, हवा थंड करायला पुढे जाळी लावतो. जोर कमी मिळेल."

"अहो, दात काढताना मीसुद्धा पेशंटला एवढं घाबरवत नाही!"

"तुमचा पेशंट दात गेला तरी स्वतःच्या पायांनी घरी जातो, डॉक्टर."

डॉक्टर तणतणत चालत गेले. भावजींनी तिथंच बसून लहान पुली उतरवली. हात धुताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "सुतार तोंडावर दार लावेल का हो?"

"लावेलही. लावू दे."

तीन वर्षं त्या माणसानं स्वतःलाच दोष दिला असणार. रात्री भावजींनी ताटाला हातही लावला नाही.

उद्या सकाळी आठला, गॅरेज उघडण्याआधी, ते सुताराकडे जाणार आहेत. त्याचं पेट्रोल चांगलं होतं, हे त्याला सांगायला.