अडतीस टक्क्यांचा तुकडा

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हरचंदशेठची व्हिडिओ लॅब होती. तिथं यशोधरा काम करायची. बुवापाड्यातून रोज यायची, चप्पल बाहेर काढायची आणि मशीनपुढे बसायची. दहावीनंतर टायपिंग, टायपिंगवरून कॉम्प्युटर, असं करत ती इथवर आली होती. २००५ सालापर्यंत तिचं नाव झालं होतं ते एकाच गोष्टीसाठी. सिनेमाची डिस्क हातात दिली की तिची कॉपी कशी उतरणार, हे ती आधीच सांगायची.

लोकांना आपल्या डिस्कची काळजी असायची. ओरखडा पडायच्या आत एक कॉपी घरात असावी म्हणून ते लॅबमध्ये यायचे. मूळ डिस्क दुपदरी, आणि साध्या कोऱ्या डिस्कवर त्यातला निम्माच माल मावायचा. म्हणजे चित्र दाबून बसवायचं. सहा-सहा तास मशीन राबायचं आणि शेवटी नटीच्या गालावर चौकोन उमटलेले दिसले की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून यशोधरा आधी चाचणी घ्यायची. सिनेमाच्या प्रत्येक भागातून थोडे थोडे तुकडे उचलायचे आणि तेवढेच दाबून बघायचे. शितावरून भाताची परीक्षा. कॉपी कितपत चांगली उतरेल, त्याचे टक्के दहा मिनिटांत यायचे. साठच्या वर असले तर डोळे मिटून काम घ्यावं, चाळीसच्या खाली गेले तर चित्र फुटणार. पडद्यावर सगळं स्थिर असेल तिथं टक्के चढे. पाऊस, धूर, गर्दी, लाटा आल्या की आपटत. नुसते आकडे वाचून ती न पाहिलेल्या प्रसंगात काय असेल ते ओळखायची.

"इसको पूछो," शेठ गिऱ्हाइकांना सांगायचा. "ये पहले बता देगी."

त्या वर्षी फेब्रुवारीत दिनानाथसाहेब आले. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते मोठे अधिकारी होते. यशोधराचा धाकटा भाऊ आकाश त्याच कंपनीत प्लँटवर होता, म्हणून ती उठून उभी राहिली. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती. त्यानिमित्त दोन तासांची फिल्म बनवली होती, आणि तिच्या दोनशे कॉप्या कामगारांना घरोघर द्यायच्या होत्या.

यशोधराने चाचणी लावली. साहेबांची भाषणं, ब्याण्णव. जुने फोटो, पंच्याण्णव. कामगारांचा क्रिकेटचा सामना, चौसष्ट. आणि मध्येच एक शॉट, अडतीस.

तिला वाटलं, मशीन चुकलं. पुन्हा लावली. पुन्हा अडतीस.

तिने तो शॉट उघडला. चाळीस सेकंदांचा होता. कॅमेरा स्टँडवर, निळी टाकी, टाकीमागून गेलेला पाइप, पांढरी भिंत, कडक ऊन. ना माणूस, ना पाखरू. अशा शॉटला नव्वद यायला हवे होते. तिने चित्र मोठं केलं आणि एकेक कोपरा बघत गेली. पाइपाच्या एका जोडापाशी मागची भिंत थरथरत होती. पेटत्या चुलीवरची हवा हलते ना, तशी.

पाइप तापलेला असेल, ती मनाशी म्हणाली. तरी घरी आल्यावर तिने आकाशला विचारलंच.

"तो निळ्या टाकीमागचा पाइप गरम असतो का रे?"

"गरम? छे, ताई. थंडगार. सॉल्व्हंटची लाइन आहे ती, पेट्रोलसारखं पटकन पेटणारं. उन्हाचं आम्ही पाठ टेकून उभे राहतो तिथं."

"आणि वास?"

"वास काय, सगळ्याच प्लँटला येतो." तो हसला. "आठ दिवसांत नाक मरतं."

यशोधराला तो शॉट आठवला. थंड पाइपावर हवा कशाने थरथरत होती? जोडातून वाफ गळत असली तरच.

दुसऱ्या दिवशी तिने दिनानाथसाहेबांना बोलावून घेतलं आणि शॉट दाखवला. साहेबांनी तो दोनदा बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शूटिंगला दोन महिने होऊन गेले," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांचा कार्यक्रम झाला की दुरुस्तीसाठी शटडाऊन आहेच. तेव्हा बघू."

"साहेब, माझा भाऊ तिथंच असतो."

"मी बघतो म्हटलं ना." त्यांचा आवाज चढला नाही, पण पुढचं बोलणं ते शेठकडे बघून बोलले. "तेवढा शॉट काढून टाका. कॉपीपण चांगली येईल."

"निकाल दो, बेटा," शेठ म्हणाला. "अपना क्या जाता है?"

तिने काढला. पुन्हा चाचणी घेतली तर सगळे आकडे साठच्या वर. इतकी साफ फिल्म तिच्या हातून क्वचितच गेली असेल. दोनशे डिस्क डब्यांत भरल्या गेल्या. मूळ फिल्मची एक अख्खी कॉपी तेवढी तिने काढून स्वतःजवळ ठेवली. का ठेवली, ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी तिने आकाशला धरून बसवलं. "बदली मागून घे. पॅकिंगला जा."

"कारण काय सांगू? बहिणीच्या कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून?"

तरी त्याने सुपरवायझरच्या कानावर पाइपाचं घातलं. "इंजिनीअर कधी झालास रे?" एवढंच उत्तर मिळालं. यशोधराने जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी आकाशने पाठ दुखते असं सांगितलं आणि पॅकिंगला गेला.

त्याच्या जागी पॅकिंगमधून किसनला घेतलं. किसन त्यांच्याच मागच्या गल्लीत राहायचा. त्याची बायको अंजनी नळावर भेटली तेव्हा खुशीत होती.

"आमच्या ह्यांना आत प्लँटवर घेतलं गं. धुळीतून सुटले एकदाचे. खोकून खोकून जीव जात होता."

यशोधराचा हंडा भरून वाहायला लागला. पाणी पायावर पडत होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. किसन परत पॅकिंगला आला तर आकाशला आत बोलावतील, हेही त्याच क्षणी तिच्या मनात आलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि हंडा उचलला.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले होते. गेटवरच्या कमानीसाठी लोखंडी सांगाडा करायचा होता. टाकीमागे मोकळी जागा होती म्हणून वेल्डर तिथं बसला. सकाळचे अकरा वाजले असतील. पॅकिंगच्या शेडमध्ये आकाशला आधी पत्रे हादरल्याचं जाणवलं, मग आवाज आला. भिंतीवरून आग वर आली तेव्हा लोक गेटकडे पळत होते. तो उलटा पळाला, पण टाकीपर्यंत कुणी जाऊ शकलं नाही.

वेल्डर जागीच गेला. किसन चार दिवस हॉस्पिटलमध्ये होता, पाचव्या दिवशी तोही गेला.

चौकशीला सरकारी माणसं आली. कंपनीने सांगितलं, पाइप ठणठणीत होता, वेल्डरने हलगर्जीपणा केला. दिनानाथसाहेबांचा लॅबमध्ये फोन आला, मूळ डिस्क परत पाठवा. शेठने पाठवलीही. यशोधराने मात्र आपली कॉपी पिशवीत घातली, रिक्षा केली आणि चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्याला तिने सगळं समजावलं, टक्के, शॉट, थरथर.

"शॉट काढला कोणी?"

"मी," ती म्हणाली. "साहेबांनी सांगितलं होतं. काढला मी."

ते त्याने लिहून घेतलं. दिनानाथसाहेब निलंबित झाले. कंपनीला कुलूप लागलं, ते वर्षभर निघालं नाही. शेठने यशोधराला कामावरून काढलं नाही, पण कंपन्यांची कामं लॅबमध्ये यायची बंद झाली.

चौकशीचं गल्लीत कळलं, तेव्हा अंजनी दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तुला आधी कळलं होतं म्हणतात."

"हो."

"आकाशला काढलंस तिथून."

"हो."

"त्या दिवशी नळावर होतीस तू. मला का नाही बोललीस?"

यशोधराला खोटं बोलता आलं असतं. खात्री नव्हती, साहेबांनी बजावलं होतं, माझं कोणी ऐकलं नसतं, कितीतरी कारणं होती आणि त्यातली काही खरीही होती.

"बोलले असते तर आकाशला परत जावं लागलं असतं," ती म्हणाली.

आतून आकाश उठून आला, बहिणीच्या मागे उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. अंजनीने पदर खांद्यावर घेतला आणि आपल्या गल्लीकडे चालू लागली.